आक्रमक तणे आणि जैविक नियंत्रण पाहण्यासाठी क्षेत्रभेट: तारीख, जागा आणि तयारी

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधील विज्ञान शिक्षकांनी विचारले आहे की, आठवी ते दहावीच्या मुलांना आक्रमक तणे (बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारी) आणि त्यांचे जैविक नियंत्रण (त्यांवर जगणाऱ्या कीटकांकडून त्यांना आवर घालणे) प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर कोणत्या महिन्यात जावे, कोठे जावे, बरोबर काय न्यावे, आणि बेळगाव जिल्ह्यात अशा नियंत्रणाची खरीखुरी उदाहरणे पाहायला मिळतात का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. उदाहरणे मिळतात आणि ती शोधायला फार दूर जावे लागत नाही. मात्र तण वर्षभर रस्त्याकडेला उभे असले, तरी त्यावर जगणारा कीटक वर्षभर दिसत नाही. बहुतेक शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. त्या दिवसांत गेलात तर ओलीच्या जागी गाजर गवत भेटेल, पण त्यावरचा भुंगा जमिनीखाली सुप्तावस्थेत गेलेला असेल. मुले एक तण पाहून, त्याची निंदा ऐकून परत येतील, आणि जैविक नियंत्रण ही पुस्तकातली व्याख्याच राहील. म्हणून सहलीची तारीख शाळेच्या सोयीने न ठरवता कीटकाच्या जीवनक्रमावरून ठरवावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या भागात गाजर गवतासाठी ऑगस्टचा तिसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर हा काळ सर्वांत चांगला. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने पहिली भेट घ्यावी आणि दसऱ्याची सुट्टी लागण्यापूर्वी त्याच जागी दुसरी. एकाच जागेच्या दोन भेटी दहा जागांच्या एकेका भेटीपेक्षा जास्त शिकवतात, कारण कीटकाने काय केले हे दोन तारखांमधील फरकातूनच कळते.

गाजर गवताची भारतातील ठळक नोंद 1955 सालची, पुण्याची. तेथून ते रस्ते, रेल्वे, धान्य आणि माती यांच्याबरोबर सगळीकडे गेले. आपल्याकडे कोल्हापूर-बेळगाव-धारवाड महामार्गाच्या कडा, निपाणी-चिकोडी भागातील उसाचे बांध, पडीक माळ आणि गावाबाहेरचे उकिरडे ही त्याची ठरलेली ठिकाणे आहेत. एका जोमदार झाडाला दहा हजारांहून अधिक बिया धरतात आणि मातीत गेलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते, त्यामुळे एकदा उपटले म्हणून ते संपत नाही. त्यावर उपाय म्हणून 1983 मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा बंगळूरला आणला गेला आणि आवश्यक चाचण्यांनंतर 1984 मध्ये तेथेच शेतात सोडण्यात आला. आज तो कर्नाटकात आणि दक्षिण महाराष्ट्रात पावसाळ्यात सर्वदूर आढळतो. शेतकरी त्याला मेक्सिकन भुंगा म्हणतात.

मुलांना तो कसा दाखवावा, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळ्या सहलीचा गाभा तोच आहे. प्रौढ भुंगा साधारण सहा मिलिमीटर लांबीचा, मळकट पांढऱ्या पाठीचा असतो आणि त्याच्या पंखांच्या कवचांवर गडद तपकिरी उभ्या वेड्यावाकड्या रेघा असतात. पहिल्या नजरेला तो मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्यासारखा वाटतो, म्हणून दोन्ही कीटकांची चित्रे वर्गातच शेजारी शेजारी ठेवून ओळख करून घ्यावी. शेतात गेल्यावर प्रथम झाडाला हात न लावता दोन मिनिटे फक्त पाहायला सांगावे, कारण धक्का लागला की भुंगा पाय आखडून खाली पडतो आणि मातीच्या रंगात दिसेनासा होतो. त्यानंतर हातमोजे घालून शेंड्याजवळचे पान अलगद उलटे करावे. पानाच्या खालच्या बाजूला फिकट पिवळी, लांबट अंडी एकेकटी किंवा चार-दोनच्या पुंजक्याने चिकटलेली दिसतात. त्याच झाडाच्या कोवळ्या शेंड्यात भिंग धरले, तर कळ्यांच्या बेचक्यात दडलेली, फिकट रंगाची, पाठीकडे फुगीर अळी सापडते. लहान अळ्या शेंडे आणि बगलेतल्या कळ्या खातात, मोठ्या झाल्या की पाने खातात, आणि पूर्ण वाढल्यावर खाली उतरून मातीत कोष करतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंतचा प्रवास पावसाळी हवेत सुमारे महिनाभरात पुरा होतो. हे गणित मुलांना दिले की, दोन भेटींमध्ये चार-पाच आठवड्यांचे अंतर का ठेवले, हे ती स्वतःच सांगतात.

मोजणी साधी ठेवावी. सुतळी आणि चार खुंट्या वापरून एक मीटर लांबी-रुंदीची चौकट आखावी आणि पाच मुलांच्या गटाला एक चौकट द्यावी. चौकटीत गाजर गवताची झाडे किती, त्यांतील फुलावर आलेली किती, भुंगे आणि अळ्या किती, आणि पानांचा अंदाजे किती भाग खाल्लेला आहे, एवढ्याच गोष्टी लिहाव्यात. खाल्लेल्या भागासाठी टक्केवारी विचारू नये. ‘काही नाही, थोडा, अर्धा, जवळजवळ सगळा’ अशा चार पायऱ्या पुरतात आणि वेगवेगळ्या मुलांच्या नोंदी त्यामुळे जुळतात. एक चौकट मुद्दाम अशी निवडावी जेथे भुंगा नाही किंवा अगदी कमी आहे. दुसऱ्या भेटीत काही चौकटींत नुसते काड्यांचे सांगाडे उभे दिसतील, तर शेजारीच दुसरीकडे झाड पांढऱ्या फुलांनी भरलेले असेल. हा असमानपणा लपवू नये, उलट त्यावरच चर्चा घ्यावी. भुंगा पावसाच्या पहिल्या सरींनंतर जमिनीतून वर येतो, त्याची संख्या वाढायला काही आठवडे लागतात, आणि तोवर जूनमध्ये उगवलेली बरीच झाडे फुलावर आलेली असतात. झाड खाल्ले तरी ओल असेल तर ते पुन्हा फुटते. शिवाय ढेकणाच्या वर्गातला एक शिकारी कीटक याच अळ्यांच्या अंगात सोंड खुपसून रस शोषतो. तोही मुलांना दिसला तर फारच उत्तम, कारण नियंत्रण करणाऱ्यावरही नियंत्रण असते, हे एका दृश्यात समजते.

मुले हमखास विचारतात की, हा भुंगा गाजर गवत संपले की आमचे पीक खाईल का. हा प्रश्न टाळू नये. 1990 च्या सुमारास कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हा भुंगा खाताना आढळला आणि मोठा गाजावाजा झाला. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातील आहेत, त्यामुळे शंका रास्त होती. पुढे तपासणीत असे दिसले की, शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असताना भुंगा तेथे कुरतडतो, पण केवळ सूर्यफुलावर त्याचे जीवनचक्र टिकत नाही. परदेशातून कीटक आणण्यापूर्वी त्याला आपल्या पिकांची पाने देऊन तो ती खातो का, त्यांवर अंडी घालतो का, पिल्ले वाढतात का, हे बंद प्रयोगशाळेत का तपासतात, ते येथे मुलांच्या नीट लक्षात येते. अथणी, गोकाक, सौंदत्ती भागात ज्यांच्या नातेवाइकांची सूर्यफुलाची शेती आहे, त्या मुलांना हा प्रश्न घरचा वाटेल.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात वर्गात एक काम अवश्य द्यावे. घरातील आजोबांना, काकांना किंवा शेजारच्या ऊस बागायतदाराला उसावरच्या लोकरी माव्याबद्दल विचारून यायला सांगावे. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात हा मावा उसावर मोठ्या प्रमाणात दिसला आणि थोड्याच काळात कृष्णाकाठाने उत्तर कर्नाटकात पोहोचला. चिकोडी, रायबाग, अथणीच्या शेतकऱ्यांनी पाने पांढरीफटक आणि खालची पाने काळ्या बुरशीने माखलेली पाहिली आहेत. तेव्हा धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने मायक्रोमस हा मित्रकीटक वाढवून शेतकऱ्यांना दिला, डिफा नावाच्या मावाभक्षक अळीचाही चांगला उपयोग झाला, आणि अनेकांनी औषध फवारणे थांबवून या कीटकांना वाव दिला. लोकरी मावा हे तण नव्हे, हे खरे. पण जैविक नियंत्रण आपल्या शिवारात आपल्याच माणसांनी अनुभवलेले आहे, हे समजल्यावर मुले वेगळ्या तयारीने शेतात उतरतात. या माहितीचा उगम घरात असतो, म्हणून ती मिळवायला मुलांनाच धाडावे.

आता जागांबद्दल. आपला जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे इतका बदलतो की, एका दिवसात सर्व तणे दाखवण्याचा मोह आवरावा. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर अथणीकडे पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. दोन्हीकडची तणे वेगळी, त्यांचे कीटक वेगळे आणि पाहण्याचा हंगामही वेगळा.

पश्चिमेकडे, म्हणजे खानापूर-जांबोटी-चोर्ला रस्त्याने किंवा लोंढा-नागरगाळीच्या बाजूने गेल्यास रानमोडी आणि घाणेरी ही दोन तणे ठळक दिसतात. रानमोडी डिसेंबर ते फेब्रुवारीत फुलते, तिचे केसाळ बी वाऱ्यावर आणि कपड्यांवर बसून जाते, आणि उन्हाळ्यात वाळलेली झाडे वणव्याला सरपण पुरवतात. तिच्यासाठी इंडोनेशियातून गाठी करणारी एक माशी आणून 2005 च्या सुमारास बंगळूरला सोडण्यात आली. ती जेथे स्थिरावते तेथे रानमोडीच्या कोवळ्या फांद्यांवर बोराएवढी हिरवी फुगीर गाठ येते. अशी गाठ दिसली, तर तोडू नये. छायाचित्र घ्यावे, जागा आणि तारीख लिहावी, आणि बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे किंवा धारवाड विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे कळवावे.

घाणेरीची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण ती अपयशाची आहे आणि अपयशही शिकवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेली ही झुडपे आज आपल्या प्रत्येक जंगलाच्या काठाला आहेत. बुलबुल तिची काळी फळे खातात आणि बी दूरवर टाकतात. तिच्यावर भारतात 1921 पासून कीटक सोडले गेले. फळातील बी पोखरणारी माशी आली, आणि 1941 मध्ये पानातील रस शोषणारा टेलिओनिमिया हा जाळीदार पंखांचा ढेकूण आणला गेला. चाचणीत तो सागाच्या फुलांवरही जगतो असे दिसल्याने त्याचा साठा नष्ट करण्याचा निर्णय झाला, तरीही तो निसटला आणि पुढे देशभर पसरला. नागरगाळीच्या सागाखाली उभे राहून ही हकीकत सांगावी. मग घाणेरीची एक फांदी उलट्या धरलेल्या पांढऱ्या छत्रीत झटकावी. पावसाळा सरता सरता छत्रीत हे बारीक तपकिरी ढेकूण पडतात आणि पानांच्या वरच्या बाजूला पांढुरके ठिपके, तर खाली काळ्या विष्ठेचे कण दिसतात. इतके कीटक असूनही घाणेरी का हटत नाही? तिचे संकरित प्रकार अनेक आहेत, एका प्रकारावर चांगला चालणारा कीटक दुसऱ्यावर चालत नाही, आणि पाने झडली तरी बुंधा पुन्हा फुटतो. नवव्या-दहावीच्या मुलांना ही गुंतागुंत झेपते. त्यांना सोपे करून खोटे सांगण्याची गरज नसते.

कोरड्या पूर्व भागासाठी जानेवारी-फेब्रुवारीत वेगळी अर्ध्या दिवसाची भेट ठेवावी आणि फड्या निवडुंग शोधावा. त्याच्या फडांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर काडीने एक पुंजका कागदावर घेऊन चिरडावा. कागदावर गडद किरमिजी डाग उमटतो आणि मुले क्षणभर मागे सरतात. ही कोचिनील कीड. 1795 मध्ये रंगासाठी ब्राझीलहून खरी कोचिनील समजून भारतात आणलेली जात प्रत्यक्षात दुसरीच निघाली. रंगाला ती कामाची ठरली नाही, पण तिने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. हे पाहून 1836 ते 1838 या काळात ती मुद्दाम दक्षिण भारतात आणली गेली. तणाविरुद्ध कीटक वापरण्याचे जगातील हे सर्वांत जुने उदाहरण मानले जाते. त्या किडीने फड्या निवडुंगाला मात्र हात लावला नाही. त्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेहून तिची दुसरी जात आणावी लागली आणि काही वर्षांतच दक्षिणेतील निवडुंगाची रानेच्या राने बसली. यजमान वनस्पती आणि कीटक यांची जोडी किती नेमकी असते, हे याहून चांगले दुसरे कोणते उदाहरण सांगत नाही. वेडी बाभळही याच बाजूला भरपूर आहे, परंतु तिच्यावर दाखवण्याजोगे नियंत्रण आपल्याकडे नसल्याने ओळख करून देण्यापलीकडे थांबू नये.

जलपर्णी पाहायची असेल तर खोल पाण्याच्या काठावर मुलांना नेऊ नये. शिक्षकांनी किंवा स्थानिक कोळ्यांनी दोन-चार रोपे काठावर आणून द्यावीत. पानावर बारीक चौकोनी ओरखडे आणि देठात पोखरलेली भोके दिसली, तर ती 1980 च्या दशकात आणलेल्या निओकेटिना भुंगेऱ्यांची खूण समजावी. पाहून झाल्यावर ती रोपे तेथेच वाळत टाकावीत.

परवानगी आणि सुरक्षितता यांबाबत तडजोड नको. भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत किंवा राखीव जंगलात जायचे असेल, तर वनखात्याच्या आरएफओ (परिक्षेत्र वन अधिकारी) कार्यालयात किमान तीन आठवडे आधी कन्नडमध्ये अर्ज द्यावा, मुलांची यादी जोडावी, आणि काही तोडणार वा पकडणार नाही असे स्पष्ट लिहावे. खरे म्हणजे पहिल्या सहलीसाठी जंगलात शिरण्याची गरजच नाही. जांबोटी रस्त्याची कड, गावचे गायरान आणि शाळेमागचा माळ पुरतो. खानापूरच्या जंगलात अस्वलांचा वावर आहे, त्यामुळे पहाटे आणि सायंकाळी झुडपांत जाऊ नये. सत्तरी आणि दोडामार्ग या शेजारच्या तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा आजार गोचिडांमार्फत मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात पसरतो, म्हणून पश्चिमेकडची सहल पावसाळ्यातच संपवावी. पावसाळ्यात जळवा लागतात. त्यांच्यासाठी लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी बरोबर असावी.

गाजर गवताच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना आधी लेखी कळवलीच पाहिजे. या झाडातील पार्थेनिन या द्रव्यामुळे काहींच्या त्वचेला खाज आणि चट्टे येतात आणि परागकणांमुळे दमा बळावतो. ज्यांना दमा, जुनी सर्दी किंवा त्वचेचा विकार आहे, त्यांना चौकटीपासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला नोंदी लिहिण्याचे काम द्यावे आणि ते काम दुय्यम आहे असे त्यांना वाटू देऊ नये. इतरांनी पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडावर मास्क वापरावा, डोळे चोळू नयेत, आणि डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात कोपरापर्यंत धुवावेत. म्हणजे पाण्याचा कॅन आणि साबण हे साहित्य भिंगाइतकेच आवश्यक आहे.

बाकी साहित्य फारसे नाही: दहापट भिंग, पांढरी छत्री, सुतळी, खुंट्या, जाड पुठ्ठ्याची नोंदवही, पेन्सिल, आणि एक चांगला कॅमेरा असलेला फोन. पेन पावसात फुटते, म्हणून पेन्सिलच. नोंदवहीत प्रत्येक तणासमोर मराठी, कन्नड आणि शास्त्रीय अशी तीन नावे लिहायला सांगावीत. गाजर गवताला कन्नडमध्ये कांग्रेस हुल्लु, निवडुंगाला पापासकळ्ळि, वेड्या बाभळीला बळ्ळारी जाली म्हणतात. गावात कोणालाही विचारताना त्यांचा उपयोग होतो.

या सगळ्याआधी शिक्षकांनी स्वतः पूर्वपाहणी करावी. सहलीच्या चार-पाच दिवस आधी, त्याच वेळेला, शक्य तर वायव्य कर्नाटक परिवहनच्या त्याच बसने जावे. भुंगा कोणत्या चौकटीत आहे, सावली कोठे आहे, जवळच्या शेतकऱ्याचे म्हणणे काय आहे, आणि त्या कडेला नुकतेच तणनाशक मारलेले नाही ना, हे पाहावे. तणनाशक मारलेल्या जागी भुंगा दिसत नाही आणि मुलांनी तेथे हात लावणेही योग्य नाही.

परतताना कोणीही रोप, बी किंवा भुंगा बरोबर आणू नये. बसमध्ये चढण्यापूर्वी जुन्या दातघासणीने बुटांचे तळवे आणि मोज्यांवर चिकटलेले बी खरवडून एका कागदी पाकिटात घ्यावे. शाळेत आधी भाजून निर्जंतुक केलेली माती एका तव्यात घ्यावी, तिच्यावर पाकिटातले बी पसरावे, पाणी द्यावे, आणि तीन-चार आठवडे काय उगवते ते रोज लिहावे. उगवलेली रोपे ओळखून झाली की फुलण्यापूर्वी उपटून टाकावीत. माणूस स्वतः तणाचे वाहन असतो, हे या तव्यात दिसते.

दोन्ही भेटींच्या नोंदी एका तक्त्यात मांडून त्यांची एक प्रत आपल्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्यावी. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार या समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते आणि आक्रमक वनस्पतींच्या तारीखवार नोंदी तीत सहसा नसतात. पुढच्या वर्षी त्याच चौकटी त्याच तारखांना मोजता याव्यात, म्हणून खुंट्यांच्या जागी एखादा ओळखीचा दगड किंवा मैलाचा खांब टिपून ठेवावा आणि तो तक्ता नवव्या इयत्तेच्या मुलांच्या हाती द्यावा.